नवा फोन घेतला म्हणून नेटचे जास्त पैसे घ्यावेत का?

मुलुंडची खजिनदार यांचा प्रश्न:

घरातल्या चारही सिमचं रिचार्ज मीच करते. सोसायटीची खजिनदारकी गळ्यात पडली तशी हीसुद्धा पडली. सासूबाईंकडे कीपॅडवाला साधा फोन, माझ्याकडे २०१९ मध्ये घेतलेला ४जी, ह्यांच्याकडे ऑफिसने दिलेला, आणि मुलाने बारावी झाल्यावर आजीला मस्का लावून नवा ५जी मिळवलाय.

माझ्या आणि मुलाच्या सिमवर मी एकच पॅक मारते. ३४९चा, २८ दिवस, रोज २ जीबी. मला दुपारीच मेसेज येतो की आजचा अर्धा डेटा संपला, आणि रात्री मालिका बघायला बसावं तर स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. मुलाला असा मेसेज येतच नाही. त्याचं ५जी अमर्याद आहे म्हणे. त्यावर तो लॅपटॉपही चालवतो, मित्र आला की त्याला हॉटस्पॉट देतो. कधीमधी मलाही देतो, पण चेहरा असा करतो की जणू किडनी देतोय.

आमच्या दिरांचं म्हणणं, हे नवे फोन नेटवर्क ओरबाडतात आणि बिल सगळ्यांवर फाटतं, तेव्हा कंपन्यांनी नव्या फोनवाल्यांकडून जास्त घ्यायलाच हवेत. त्यात न्यू जर्सीच्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर तेल ओतलं. २०१० मध्ये तिकडे स्प्रिंट नावाची कंपनी होती. तिने एचटीसीच्या ‘इव्हो’ या ४जी फोनवर महिन्याला १० डॉलर जादा लावले होते. ज्यांच्या गावात ४जी पोचलंच नव्हतं त्यांनाही ते चुकले नाहीत. मग जानेवारी २०११च्या शेवटापासून नव्याने सुरू होणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनवर तेच १० डॉलर. आयफोनचंही तसंच. २००७च्या पहिल्या आयफोनला एटी अँड टीचा अमर्याद डेटा २० डॉलरला होता, २००८ मध्ये ३जीवाला आयफोन आला तेव्हा तोच ३० डॉलर झाला.

तर विचारायचं हे की फोनच्या मॉडेलवरून नेटचा दर ठरवणं रास्त आहे का? आपल्याकडे तसं करता येईल का? आणि मला जे दिसतंय ते उलटंच आहे ना, म्हणजे जुना फोन वापरून मीच मुलाचं नेट पोसतेय?

---

गिरगावचा गप्पिष्ट:

ताई, कशाला त्यांच्या डोक्यात भलती कल्पना घालताय? वाचणाऱ्यांत एखादा टेलिकॉमवाला निघाला तर पुढच्या महिन्यात ‘नवा फोन अधिभार’ हजर होईल.

---

लालबागचा रिचार्जवाला:

ताई, माझं लालबागला मोबाइलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, टेम्पर्ड काच, डिस्प्ले बदलणं. त्याच गाळ्यात आधी वडिलांचा एसटीडी-पीसीओ होता. त्यामुळे बोलण्याचे पैसे कसे कापले जातात हे मी हाफपँटमध्ये असल्यापासून बघतोय. मोठं उत्तर लिहितोय, दुपारी गिऱ्हाईक नसतं.

गिरगावच्या भाऊंना आधी सांगतो, कल्पना नवीन नाहीच. फोन बघून पैसे घेणं आपल्याकडे होऊन गेलंय. ब्लॅकबेरी आठवते का? नरिमन पॉइंटला कामाला जाणारी मंडळी ती कमरेला लावून फिरायची. तिला साधा नेटपॅक चालायचा नाही, वेगळा ब्लॅकबेरी पॅक लागायचा आणि तो चांगला महाग असायचा. पॅक नाही तर बीबीएम, म्हणजे तिचं मेसेज पाठवायचं ॲप, नाही, म्हणजे हातात नुसता टाइपरायटर. मग ३जी आलं. तेव्हा २जीचा पॅक वेगळा आणि ३जीचा वेगळा, बरीच वर्षं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ‘फोन कुठला?’ आणि चुकून दुसरा पॅक मारला की दुकानात राडा.

आणि पॅक नसेल तर? १० केबीला १० पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं. एक एमबी म्हणजे झाले १० रुपये. त्या वेळच्या फोनला मधोमध एक बटण असायचं, ते दाबलं की थेट इंटरनेट उघडायचं. म्हातारी माणसं खिशातून फोन काढताना ते दाबायची आणि ५०चा बॅलन्स खल्लास. मग माझ्याशी भांडायला यायची, की तूच कापलेस. कितीतरी फोनमध्ये मी सेटिंगमध्ये जाऊन नेटचं प्रोफाइलच उडवून द्यायचो, कटकट नको म्हणून.

आता आजची गोष्ट. कंपनीला तुमचा फोन कुठला आहे ते कळतं का? शंभर टक्के कळतं. *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय नंबर येईल. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे मॉडेल. तुम्ही कधी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलंत तेही त्यांच्याकडे दिसतं. जिओभारतचा कीपॅड फोन २०२३ मध्ये आला, ९९९ रुपयांचा. त्याचा खास पॅक आहे, १२३ रुपये, २८ दिवस, सगळे मिळून १४ जीबी. तो पॅक त्याच फोनवर चालतो, दुसऱ्या फोनवर नाही. मग हा फोन बघून दर लावणंच झालं की. फक्त खालच्या बाजूने, म्हणून कोणी ओरडलं नाही.

पण ओरडायला पाहिजे होतं, असं मला वाटतं. कॅलक्युलेटर काढा. तुमचा ३४९चा पॅक, रोज २ जीबी, २८ दिवसांचे ५६ जीबी. म्हणजे एक जीबी पडला सव्वासहा रुपयांना, तोही रोजचा पूर्ण संपवलात तर. जिओभारतवाल्याला १२३ला १४, म्हणजे जीबीमागे पावणेनऊ रुपये. आणि तुमच्या चिरंजीवांनी समजा ५जीवर महिन्यात १५० जीबी उडवले, तर त्याला अडीच रुपयेसुद्धा पडत नाहीत. सगळ्यात स्वस्त फोनवाला सगळ्यात महाग नेट वापरतो. तुमच्या दिरांना म्हणावं, नव्या फोनवाल्याकडून जास्त घ्यायचं नंतर बघू, आधी जुन्या फोनवाल्याकडून जास्त घेणं चालू आहे ते बघा.

अजून एक गंमत. रोजचा डेटा संपल्यावर वरून टाकायचा तो १ जीबीचा पॅक जुलै २०२४च्या दरवाढीत १५चा १९ झाला, दुसऱ्या एका कंपनीचा १९चा २२. हा पॅक घेतो कोण? ५जीवाला घेत नाही, त्याला गरजच नाही. माझ्याकडे संध्याकाळी सातच्या सुमाराला परळच्या टॉवरांमध्ये घरकाम करणाऱ्या बायका येतात, घरी जाता जाता. हातात जुना ४जी फोन, स्क्रीनला कोपऱ्यात तडा, त्यावर सेलोटेप. मुलीचा क्लासचा व्हिडिओ अर्धा राहिलाय, नेट संपलं, १९चा मार भाऊ. तीच बाई दिवसभर ज्या घरात काम करून येते, तिथल्या पोराचा गेम त्याच कंपनीच्या नेटवर फुकटात डाउनलोड होत असतो. मला रिचार्जमागे सुटतं ते चहापुरतं, त्यामुळे मी काही बोलत नाही, मारतो.

ही अमर्याद ५जीची भानगड कशी झाली तेही सांगतो. ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला, मुंबई पहिल्या शहरांतच होती. आधी २३९ आणि त्यावरच्या जवळपास सगळ्या पॅकवर ते अमर्याद मिळायचं. जुलै २०२४ मध्ये दर वाढवले आणि नियम केला की रोजचा २ जीबी किंवा त्यावरचा पॅक असेल तरच अमर्याद. म्हणजे नव्या फोनवाल्याकडून जास्त घेणं एका अर्थाने सुरू झालंय, फक्त फोनच्या नावाने घेत नाहीत. पोरगं येतं, ‘भाई, ५जी चालत नाही,’ मी बघतो तर दीड जीबीवाला पॅक. मग ५० रुपये वर टाकून ३४९वर येतं.

आणि त्या ५जीचं तरी काय? माझ्या दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी चाळीतली चार पोरं हमखास बसलेली असतात. मी पहिल्यांदा समजलो, माझ्यावर प्रेम आहे. प्रेम कसलं, पायरीवर ५जी येतं आणि त्यांच्या खोलीत येत नाही. खोलीत शिरलं की वरती ५जीचं ४जी होतं, आणि ४जीवर रोजचा २ जीबीच. जाड भिंती, एकच खिडकी, तीही पॅसेजमध्ये उघडणारी. म्हणजे पैसे भरले अमर्यादचे आणि मिळतं ते फूटपाथवर. आता अशा पोराकडून नव्या फोनचे आणखी पैसे घेणार? कुठल्या तोंडाने?

नवा फोन म्हणजे पैसेवाला हा हिशेबच चुकीचा आहे. माझ्याकडे १० हजारांचा ५जी फोन हप्त्यावर घेणारी पोरं येतात, जेवण पोचवण्याचं काम करणारी, फोनवरच त्यांचं पोट. आणि आयफोन ११ घेऊन फिरणारेही येतात. तो २०१९चा, ४जीच आहे. फोनवरून दर लावलात तर हप्तेवाला जास्त भरणार आणि आयफोनवाला कमी.

माझं मत असं, की जेवढे जीबी वापराल तेवढे पैसे, नाहीतर जेवढा स्पीड हवा तेवढे पैसे. फोनकडे बघायचंच असेल तर खालून बघा, साध्या फोनवाल्याचा जीबी स्वस्त करा. वरचं वर जाऊ दे.

---

ठाण्याचा हिशेबी:

रिचार्जवाले भाऊ, लिहिलंय झकास, पण एका गोष्टीला हात लावला नाहीत. ५जीच्या लिलावात जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. नुसत्या जिओची ८८ हजार कोटींची. हे पैसे कोणासाठी? ५जीवाल्यांसाठी. मग जुलै २०२४ची वाढ सगळ्यांवर का? माझ्या वडिलांचा फोन बोलण्यापुरताच, त्यांचाही पॅक वाढला. वीजबिलाचं बघा. घरात एसी बसवला की मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, पंखा लावणाऱ्याने तो भार का उचलायचा? नवा फोन हा एसी आहे. स्पीड दिसला की व्हिडिओ आपोआप वरच्या क्वालिटीवर जातो, फोटोंचा बॅकअप आपोआप, अपडेट आपोआप, माणसाने काही दाबायचीही गरज नाही. त्यामुळे मी ताईंच्या दिरांच्या बाजूने.

---

घाटकोपरची टॉवरवाली:

मी आरएफ प्लॅनिंगमध्ये आहे. म्हणजे कुठल्या गच्चीवर कुठला अँटेना, कुठल्या दिशेला तोंड, किती अंश खाली झुकवायचा, हे ठरवणं. उरलेल्या वेळात त्या गच्चीच्या सोसायटीच्या शिव्या खाणं. (खजिनदार ताई, भाड्याचा चेक वेळेत मिळतो ना तुम्हाला?)

हिशेबी साहेब, तुमचा एसी पटला नाही. नवा फोन नेटवर्कला जड असतो हा समज मला नेहमी भेटतो, आणि तो जवळजवळ उलटा आहे.

टॉवर म्हणजे दर सेकंदाला ठरावीक वेळ आणि ठरावीक लहरींचा पट्टा वाटून देणारं यंत्र. खर्च कुठे आहे? लहरींच्या परवान्यात, गच्चीच्या भाड्यात, विजेत, टॉवरपर्यंत आणलेल्या फायबरमध्ये. हा सगळा खर्च कोणी एक जीबी वापरला काय नि शंभर वापरले काय, जवळपास तेवढाच. तो वाढतो कधी? ठरावीक वेळेला, साधारण रात्री नऊ ते अकराला, एका भागातला पट्टा भरतो आणि नवा टॉवर टाकावा लागतो तेव्हा. म्हणून प्रश्न असा विचारायचा की गर्दीच्या वेळी कोणता फोन पट्ट्यातली किती जागा अडवतो.

नव्या फोनला चार-चार रिसीव्हर अँटेना असतात, तो एकाच वेळी जास्त माहिती उचलतो, काम उरकून बाजूला होतो. जुना फोन तोच एक जीबी उतरवायला जास्त वेळ घेतो. त्यात तो रेंजच्या टोकाला असला, लालबागच्या त्या खोलीसारखा, तर टॉवर त्याच्याशी सावकाश, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्यासारखा बोलतो, आणि बाकीचे ताटकळतात. शिवाय मुंबईत ४जीचा एकेक पट्टा २० मेगाहर्ट्झचा धरा, असे दोन-चार. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झमधला एकच पट्टा १०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्याच्या अँटेनात ६४ ट्रान्समीटर असतात, जिकडे माणूस तिकडे झोत वळवतात. ५जीवरचा जीबी कंपनीला ४जीवरच्या जीबीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

आता कळलं ना, अमर्याद का दिलंय? दानधर्म नाही. जेवढी माणसं ५जीवर सरकतात तेवढा ४जीचा रस्ता मोकळा होतो, नवे ४जी टॉवर टाकावे लागत नाहीत. आणि इतकं करूनही ५जीची जागा उरते, म्हणून तर २०२३पासून एअरफायबर विकतायत. घराच्या बाहेर एक डबा लावायचा, त्याच ५जीवर घरभर वायफाय. तिथे बघा, दर स्पीडवर आहेत, जिओचा ३० एमबीपीएस ५९९, १०० एमबीपीएस ८९९, वर जीएसटी. टीव्ही नवा की जुना हे कोणी विचारत नाही.

लालबागच्या भाऊंच्या पायरीचं सांगते. ३.५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर मरते. चाळीची दगडी भिंत असो की नव्या टॉवरची ऊन परतवणारी काच असो, दोन्ही वाईट, काच कधीकधी जास्त वाईट. ७०० मेगाहर्ट्झची लहर आत शिरते. २०२२च्या लिलावात ती एकट्या जिओने घेतली. पण तो पट्टा अरुंद, रेंज मिळते, वेग बेताचा. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या खांद्यावर उभं राहून, आधी ४जीला धरायचं मग ५जी जोडायचं, जिओचं पहिल्यापासून स्वतंत्र. म्हणून एकाच खोलीत दोन सिमचा अनुभव वेगळा येतो.

---

ठाण्याचा हिशेबी:

मॅडम, तुमचंच धरलं तर जुना फोन जास्त जागा अडवतो, म्हणजे खर्चाच्या न्यायाने त्याच्याकडूनच जास्त घ्यायला पाहिजेत! हे चालेल तुम्हाला?

---

घाटकोपरची टॉवरवाली:

खर्चाच्या न्यायाने हो, आणि तसं घेतलं जातंच आहे, लालबागच्या भाऊंनी सव्वासहा आणि अडीच रुपये दाखवले तेच. मला चालेल का? नाही. नेटवर्क एकदा उभं केलं की एक जादा माणूस जोडायला कंपनीला फार काही लागत नाही. घरकाम करणाऱ्या बाईकडून १९ रुपये घेतल्याने माझा एकही टॉवर उभा राहत नाही. आणि २०२४ची वाढ खर्चावरून झाली असं कशाला समजता? ग्राहकामागे सरासरी कमाई किती, हा आकडा कंपन्या दर तिमाहीला छापतात आणि शेअर बाजार तोच बघतो. तीन कंपन्या उरल्यात, चौथी सरकारी. वडिलांचा पॅक वाढला तो त्यामुळे, शेजारच्या पोराने ५जी घेतला म्हणून नाही.

कायद्याचं थोडक्यात: दर ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत, लावल्यावर ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, कळवावं लागतं. फेब्रुवारी २०१६चा ट्रायचा नियम सांगतो की तुम्ही काय बघता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही, म्हणजे एका वेबसाइटला स्वस्त, दुसरीला महाग असं नाही. कुठल्या फोनवर बघता याबद्दल तो नियम बोलत नाही. मात्र १९९९च्या दर आदेशात आहे की एकाच प्रकारच्या ग्राहकांत भेदभाव नको आणि प्रकार मनमानीने पाडायचे नाहीत. जुलै २०२०मध्ये जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त वेग आणि अग्रक्रम देऊ म्हणणारे एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचे दोन प्लॅन ट्रायने रोखायला सांगितले होते, ते प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. उद्या कोणी ‘२०२५नंतरच्या फोनला २० रुपये जादा’ म्हणालं तर पहिला प्रश्न हाच येईल, की हा प्रकार कशाच्या आधारावर पाडला? मी माझ्या तक्त्यातून तरी त्याला आधार देऊ शकणार नाही.

---

लालबागचा रिचार्जवाला:

मॅडम, तुम्ही गर्दीचं बोललात म्हणून लिहितो. गणपतीत आमच्याकडे या. दहा दिवस फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, आणि मेसेज जाईल तर शपथ. राजाच्या रांगेतला प्रत्येक जण घरच्यांना लाइव्ह दर्शन घडवत असतो. कंपन्या चाकांवरचे टॉवर आणून उभे करतात, तेही कमी पडतात. माझ्या दुकानात क्यूआर कोड टांगलेला, पण त्या दहा दिवसांत मी आधीच सांगतो, रोख असेल तर हात लावा. पैसे गेले की नाही हे बघत गिऱ्हाईक आणि मी पाच-पाच मिनिटं एकमेकांचं तोंड बघतो. तेव्हा कोणाकडे कुठला फोन आहे याने काडीचा फरक पडत नाही.

एक मात्र बघितलंय. ५जी आल्यानंतरच्या गणपतीत ४जीवाल्यांचं थोडं बरं चाललं. मला वाटायचं माझा भास. तुम्ही म्हणता तो मोकळा झालेला रस्ता तोच असावा.

हिशेबी साहेब, तुमच्या वडिलांचं खरं दुखणं वेगळं आहे. त्यांना नको असलेलं नेट त्यांच्या गळ्यात मारलं जात होतं.

---

मुलुंडची खजिनदार:

सगळ्यांचे आभार. मॅडम, चेक मिळतो, पण गच्चीवर चढणारी तुमची माणसं वॉटरप्रूफिंगवर बूट घालून नाचतात, त्याचं आधी बघा.

पावणेनऊ, सव्वासहा आणि अडीच हे तिन्ही आकडे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिरांना व्हॉट्सॲप केलेत. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मुलाने मात्र वाचून विचारलं की मी १५० जीबी वापरतो हे लालबागच्या काकांना कसं कळलं. तेव्हा आता महिन्याचा वापर मी स्वतः त्याच्या फोनमध्ये बघणार आहे.

पण सासूबाईंचं राहिलं. त्यांना फक्त फोन उचलायचा आणि लावायचा असतो. दर २८ दिवसांनी मी त्यांच्यावर पॅक मारते त्यात नेटही असतं, ते वाया जातं. हिशेबी साहेबांच्या वडिलांसारखंच झालं हे. काही करता येईल का? आणि माझ्यापुरतं काय करू, नवा फोन घेऊ की नको?

---

लालबागचा रिचार्जवाला:

सासूबाईंचं होईल. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की नेट नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक ठेवलाच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये ते पॅक आले. एअरटेलचा ४६९चा आहे, ८४ दिवस, बोलणं अमर्याद. जिओचा ४४८चा, तोही ८४ दिवस. मात्र आधी त्यांचा कीपॅडवाला २जी आहे का बघा. असेल तर त्यात जिओ चालणार नाही, जिओला २जी नाहीच. सिम कुठलं आहे ते बघून मारा, आणि मारायच्या आधी आकडा तपासा, हे लोक कधी १०-२० रुपयांनी सरकवतील सांगता येत नाही. ॲपमध्ये हा पॅक पहिल्या पानावर दिसणार नाही, खाली खाली जात शोधावा लागतो. दुकानदाराला ‘फक्त बोलण्याचा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो हात जाईल तो नेटवाला मारून मोकळा होईल.

तुम्ही फक्त नेटसाठी नवा फोन घेऊ नका. आधी मुलाचा फोन घेऊन स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, जिथे तुम्ही रात्री बसता तिथे उभ्या राहा आणि वरती ५जी टिकतं का बघा. हॉलमध्ये टिकत असेल तर मुलाचा ३४९ ठेवा, तुमच्यावर २९९चा दीड जीबीवाला मारा आणि मालिकेपुरता त्याचा हॉटस्पॉट घ्या. पासवर्ड एकदा टाकून ठेवला की रोज मागावा लागत नाही. टिकत नसेल तर ५जी फोन घेऊनही तुम्हाला ४जीच मिळणार, त्यापेक्षा घरी वायफाय लावा, चौघांत वाटून स्वस्त पडेल.

---

ठाण्याचा हिशेबी:

४६९चा आजच वडिलांना मारला. एसीचं माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण भाऊ, हे ८४ दिवस संपले आणि पॅक मारायचा राहिला तर काय होतं?

---

लालबागचा रिचार्जवाला:

आधी आउटगोइंग बंद, मग थोड्या दिवसांनी इनकमिंगही जातं. आणि त्याबरोबर बँकेचे, गॅसचे ओटीपी. पेन्शनचं काम असलं की मग धावाधाव होते. दोन-चार दिवस आधीच मारून टाका, उरलेले दिवस वाया जात नाहीत, नवा पॅक रांगेत उभा राहतो आणि जुना संपला की आपोआप लागतो.